खलाटेबाईंची उजैनी

सरकारी ऑफिसात माणूस खुर्चीवरून ओळखला जातो. आमच्या विकासखंडाच्या ऑफिसात खलाटेबाईंची खुर्ची मात्र बारा महिने रिकामी असायची. कोणी येऊन विचारलं, "बाई कुठे आहेत?" तर आमचा चपराशी मान वरदेखील न करता सांगायचा, "फील्ड में." आणि त्या खरोखरच फील्डमध्ये असायच्या, हे त्या ऑफिसातलं मोठंच नवल होतं. बाकीच्यांचं फील्ड म्हणजे समोरची कचोरीची गाडी.

गोष्ट मध्यप्रदेश नवा नवा झाला त्या काळातली. राजधानी भोपाळला गेली होती आणि आम्हा इंदूरकरांचा रुसवा अजून ताजा होता. मी त्या ऑफिसात टायपिस्ट. नवरा मिलमध्ये कारकून, घरी दोन मुलं आणि सासूबाई, राहायला अन्नपूर्णेच्या देवळाच्या बाजूला. टाइपरायटरपलीकडचं जग बघायची मला काडीची हौस नव्हती. पण खलाटेबाईंना जीपमधून दौऱ्यावर पाठवायचं तर सोबत एक बाईमाणूस हवं, असं आमच्या बीडीओसाहेबांच्या मनाने घेतलं, आणि ऑफिसात दुसरी बाई मीच होते. बाईंना ते मुळीच रुचलं नाही.

"साहब, सोबत की जरूरत मेरे को नी, इनको पड़ेगी," माझ्याकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या. पुढे तसंच झालं. पहिल्याच दौऱ्यात मी बाभळीचा काटा टाचेत घालून घेतला आणि बाईंनी तो केसातल्या पिनेने काढला. काढताना म्हणाल्या, "रडायचं असेल तर रडून घ्या, पुराणिकवहिनी. जीप खडी आहे, टाइम आहे आपल्याकडे." मी रडले नाही. तेव्हापासून आमचं जमलं.

बाई चाळिशी ओलांडलेल्या, उंच, हाडापेराने मजबूत. मनगटावर पुरुषी घड्याळ. ते नवऱ्याचं. तो लग्नानंतर थोड्याच वर्षांत गेला होता. त्याच्याबद्दल त्या एकच वाक्य बोलायच्या, "माणूस चांगला होता, घड्याळपण चांगलं आहे," आणि विषय संपवायच्या. खांद्याला कापडी पिशवी, तिच्यात एका डबीत जिरावण, म्हणजे पोह्यांवरचा इंदुरी मसाला. ते त्या पोह्यांवर तर घालायच्याच, पण पिठल्यावर, काकडीवर, एकदा तर लग्नघरच्या श्रीखंडाच्या वाटीवरसुद्धा भुरभुरताना मी पाहिलं आहे. "चव नसली की डोकं चालत नाही माझं," हे त्यावरचं स्पष्टीकरण.

त्यांचे पणजोबा होळकरांच्या पागेत होते. ही माहिती कोणालाही पहिल्या भेटीत, न विचारता मिळायची. तिचा उच्चार करताना बाईंची मान आपोआप ताठ व्हायची. मी मनात धरून चालले होते की या बाई घोड्यावर बसायलाही कमी करणार नाहीत. मग एका पावसाळ्यात जीप चिखलात रुतली आणि पुढच्या गावच्या पटेलाने मोठ्या मानाने बाईंसाठी घोडी पाठवली. बाईंनी घोडीकडे पाहिलं, घोडीने बाईंकडे पाहिलं.

"सुंदर जनावर आहे," असं म्हणून बाई चार पावलं मागे सरकल्या. "पण वहिनी, हिच्या डोळ्यात मला थकवा दिसतो. आपण पायीच जाऊ."

घोडी मजेत शेपटी हलवत होती. आम्ही गुडघाभर चिखल तुडवत निघालो आणि घोडी आमच्या पुढे रिकामी, डौलात. "पागेतल्या घराण्याला जनावराची कदर असते," असं त्यांनी वाटेत मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी पदर तोंडाशी धरून चालत होते. चिखलाचा वास येतो म्हणून, असं मीही त्यांना सांगितलं.

हुद्द्याने बाई समाजशिक्षण संघटिका. म्हणजे खेड्यातल्या बायकांना अक्षरओळख, शिवण, भजनी मंडळं असली कामं. पण त्या काळात सरकारची एक लहानशी योजना होती. तलावाची डागडुजी, पाळ, नाल्यावरचा बंधारा असल्या कामांना गावाला थोडं अनुदान मिळायचं. निम्मा वाटा सरकारचा, निम्मा गावाचा, आणि गावाचा वाटा बहुधा श्रमदानाचा. आता श्रमदानाला माणसं घराबाहेर काढायची कोणी? ओव्हरसियर दुबेजी मोजमापात पक्के, नकाशा काढावा तर त्यांनीच, पण चार माणसांसमोर बोलायचं म्हटलं की त्यांना उचकी लागायची. म्हणून साहेबांनी ते काम बाईंच्या गळ्यात घातलं, आणि बाईंनी ते हार घातल्यासारखं मिरवलं.

अनुदानाबद्दल त्यांचं एक ठरलेलं भाषण होतं. प्रत्येक गावात तेच, हिंदी-माळवीत. मराठीत सांगायचं तर असं: "सरकारचं अनुदान म्हणजे मीठ. भाजी तुमची, चूल तुमची. मिठाने कोणाचं पोट भरत नाही, आणि जास्त पडलं तर केलेली भाजी फेकावी लागते." गावकरी माना डोलवायचे. मग एखादा बेरकी म्हातारा म्हणायचा, "पण बाईसाब, बिना मीठ की भाजी भी कौन खावे?" आणि बाई खूश व्हायच्या. असा म्हातारा भेटला की त्या गावाचं काम होणार, असं त्या मला जीपमध्ये सांगायच्या.

बेटम्याच्या बाजूच्या एका गावाने नाल्याला पाळ घालायला अनुदान मागितलं होतं. श्रमदानाचा दिवस ठरला. आम्ही पोचलो तर काम धडाक्यात चाललेलं. माणसं घमेली उचलताहेत, सरपंच नवा फेटा बांधून उभे, दुबेजींच्या चेहऱ्यावर समाधान. तेवढ्यात घाम पुसत एक गडी सरपंचाकडे आला आणि म्हणाला, "बाबूजी, पीने का पानी किधर है?"

बाई माझ्या कानाशी लागल्या. "वहिनी, गावचा माणूस गावातलं पाणी कुठे ते विचारतो का हो?"

मग त्या सरपंचासमोर गेल्या आणि गोड आवाजात म्हणाल्या, "सरपंचजी, आदमी तो बड़े मेहनती हैं. कौन से गाँव के हैं? सोचती हूँ, अनुदान उसी गाँव को दे दूँ."

सरपंचांना घाम फुटला, घमेलं न उचलता. दुसऱ्या दिवशी ते स्वतः पाळीवर माती टाकत होते आणि त्यांची बायको त्यांच्या हाताचे फोड बघून सगळ्यांदेखत हसत होती. भाड्याने आणलेल्या मजुरांची गोष्ट बाईंनी ऑफिसात सांगितली नाही. "लाज वाटली ना, झालं. आता अजून काय फाशी द्यायची का सरपंचभियाला?" असं म्हणून त्यांनी जिरावणाची डबी उघडली.

आता मुख्य गोष्ट सांगते. ती सांगताना आजही माझा ऊर भरून येतो, हे आधीच कबूल करते.

सिमरोलच्या पुढे डोंगर सुरू होतात. तिथे पायथ्याशी नीमखेडी नावाचं गाव आणि त्याच्या डोक्यावर टेकडीवर टेकरीपुरा नावाची वस्ती. नीमखेडीला जुना तलाव होता. तो गाळाने भरत चालला होता, विहिरी माघातच तळ दाखवू लागल्या होत्या. नीमखेडीचे गंगाराम पटेल गाळ काढायला अनुदान मागत होते. त्यात त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण बाईंची खोड अशी की कोणी विहीर दाखवली, तलाव दाखवला की त्या विचारायच्या, "हे पाणी येतं कुठून?" आणि उत्तराची वाट न बघता नाल्याच्या कडेने चढायला लागायच्या. मी आणि दुबेजी धापा टाकत मागे.

वर टेकडी उघडीबोडकी. झाडं तोडलेली, गवत बकऱ्यांनी मुळापासून खाल्लेलं, पाण्याने ओरबाडून काढलेल्या घळी. दुबेजींनी तिथेच उभं राहून सांगितलं की ही माती खाली तलावात जाते, आणि टेकडी अशीच राहिली तर गाळ काढा की न काढा, थोड्या वर्षांत तलाव पुन्हा भरणार. टेकडीला दगडी बांध घालावेत, चर खणावेत, चराई बंद करून गवत वाढू द्यावं. नीमखेडीच्या तलावाचं औषध टेकरीपुऱ्यात होतं.

आणि टेकरीपुरा ते देणार नव्हता. तिथे धापूबाई नावाची म्हातारी होती, तिचा शब्द वस्तीत चालायचा. तिने आम्हाला खाट टाकून दिली, गुळाचा खडा दिला आणि शांतपणे सांगितलं, "टेकरी हमारी, बकरी हमारी. तलाव उनको. हम चराई कायके बंद करां?" मग तिने कारण सांगितलं. एका दुष्काळात टेकरीपुऱ्याची गुरं तलावावर उतरली तेव्हा नीमखेडीने लाठ्या घेऊन ती हाकलली होती. धापूबाईची गाय तलावाच्या पाळीखाली तडफडून मेली. तेव्हापासून दोन गावांत येणं-जाणं बंद, लग्नाची अक्षतसुद्धा नाही. टेकरीपुऱ्याच्या बायका डोंगराच्या पलीकडच्या अंगाला उतरून एका झिरीवरून पाणी आणत.

ऑफिसात साहेबांनी सरळ विचार केला. "मॅडम, तालाब की खुदाई नापी जा सकती है. लोगों का मन आप कैसे नापेंगी?"

"एक पंगत में बिठा के, साहब," बाई म्हणाल्या.

साहेब हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी पैज लावली. पावसाआधी ही दोन गावं एका पंगतीत जेवायला बसली तर अनुदान टेकडीला. नाही बसली तर तलावाच्या खुदाईला, "और फिर मैं आपसे जिंदगी में कभी बहस नी करूँगी." या शेवटच्या आश्वासनाचा साहेबांना फारच मोह पडला असावा. ते लगेच कबूल झाले.

मी जीपमध्ये त्यांना म्हटलं, "बाई, हे काय बोलून बसलात? तोंड बंद ठेवून जगता येईल का तुम्हाला?"

"नाहीच येणार," त्या म्हणाल्या. "म्हणून तर जिंकावंच लागेल ना."

त्या वर्षी पावसाने दडी मारली. आषाढ अर्धा कोरडा गेला. माळव्यात अशा वेळी उजैनी करतात. सगळं गाव घरांना कुलपं लावून शिवेबाहेर जातं, तिथे उघड्यावर चुली मांडून डाळ आणि कणकेचे, गोवऱ्यांवर भाजलेले बाफले करतं, आणि दिवस मावळेपर्यंत कोणी घरी परतत नाही. गावात चूल पेटायची नाही, गाव ओस दिसलं पाहिजे. इंद्राला दया यावी म्हणून. पाऊस लांबल्याने सगळे हवालदिल झाले होते आणि बाई एकट्याच खुशीत होत्या.

त्या गंगाराम पटेलांकडे गेल्या. "पटेल साब, हर साल उजैनी किधर करते हो?"

"हमारा खेत में, कुआँ के पास," पटेल म्हणाले.

"अपनेच खेत में बैठना कोई गाँव छोड़ना हुआ? भगवान भोला है, पर इतना भी नी. इस बार टेकरी पे चलो. दूर से दिखेगा उसको कि गाँव खाली है."

पटेल बराच वेळ मिशीवर हात फिरवत राहिले. टेकरीपुऱ्याच्या हद्दीत जायचं म्हणजे मान खाली घालणं. पण विहिरी कोरड्या होत्या, तलावात तळाला थोडं पाणी उरलं होतं आणि पेरणी खोळंबली होती. ते हो म्हणाले. मग बाई टेकडी चढून धापूबाईकडे. "नीमखेडी पूरी तुम्हारी शिव पे आ रही है, उजैनी करने. दरवाजे पे आए को भगाओगी?"

धापूबाईने तोंडातली तमाखू थुंकली. "आवा दो," ती म्हणाली. एवढंच.

उजैनीच्या दिवशी मी, दुबेजी आणि खुद्द बीडीओसाहेब, पैज बघायला, टेकडीवर हजर होतो. नीमखेडीचे लोक खालून चढून येताना दिसत होते. बायकांच्या डोक्यावर पिठाची टोपली, डाळ, तुपाचे डबे, पोरांच्या डोक्यावर गोवऱ्या. टेकरीपुऱ्याचे लोक एका बाजूला घोळका करून उभे, हात छातीशी बांधलेले. नीमखेडीचे लोक दुसऱ्या बाजूला बसले. मधे मोकळी जागा, बैलगाडी जाईल एवढी. बाई त्या मोकळ्या जागेत उभ्या राहून दोन्ही बाजूंना हुकूम सोडत होत्या. "इकडे चूल! भिया, तिकडे गोवऱ्या लावा! परात किधर है?" कणीक परातीत पडली. डाळ निवडून झाली. गोवऱ्यांना धूर आला.

आणि मग कोणीतरी म्हणालं, पाणी?

पाणी नव्हतं. इतक्या माणसांत एक घागरसुद्धा नव्हती. उजैनी नेहमी विहिरीपाशी व्हायची, त्यामुळे पाणी सोबत न्यायचं असतं हे कोणाच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. शिवाय नीमखेडीवाल्यांचा हिशेब रिवाजाचा होता. ज्याच्या शिवेवर जाल तो पाणी पाजणार, पाहुण्याने पाणी घेऊन जाणं म्हणजे यजमानाचा अपमान. आणि टेकरीपुऱ्याला वाटलं होतं, ज्यांचा तलाव आहे ते पाणी आणतीलच. या दोन्हींच्या मधे खलाटेबाई, ज्यांनी आयुष्यभर गावोगाव "पाणी कुठून येतं" विचारलं, त्यांनी पीठ-तुपापासून पत्रावळीपर्यंत सगळं ठरवलं होतं आणि पाणीच विसरल्या होत्या.

गंगाराम पटेल जरा मोठ्याने म्हणाले, "पाणी तो गाँव वाला पिलावे."

धापूबाई पुढे आली. तिच्या हातात घरातला रिकामा हंडा होता. तो तिने सगळ्यांसमोर उलटा केला. "कां से पिलावां, पटेल? झिरी सूकी. ने तमारा तलाव पे तो हमारा ढोर भी नी उतरे."

नीमखेडीच्या एका म्हाताऱ्याने उठून धोतर झटकलं, निघायचं म्हणून. त्याच्याबरोबर आणखी काही जण उठले. साहेबांनी घड्याळ पाहिलं. मी बाईंकडे बघितलं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्या बाईंना शब्द सापडत नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. ही पंगत उठली असती तर दोन्ही गावं पुन्हा एकत्र आली नसती, हे मलासुद्धा कळत होतं.

बाई पुढे झाल्या, धापूबाईच्या हातातून हंडा घेतला, डोक्यावर ठेवला आणि उतार उतरू लागल्या. तलावाकडे.

आता एक सांगायला हवं. पागेतल्या घराण्याच्या या बाईंनी जन्मात डोक्यावर हंडा घेतला नव्हता. त्यांच्या घरी नळ होता. हंडा रिकामा असूनही डुगडुगत होता, बाई एका हाताने तो धरायच्या आणि दुसऱ्या हाताने पदर. अर्ध्या उतारावर त्यांचा पाय घसरला. हंडा खडकावर आपटून घरंगळत खाली गेला आणि त्याचा आवाज सगळ्या टेकडीवर घुमला.

तेव्हा गंगाराम पटेलांची म्हातारी आई उठली. "बाईसाब पाणी लावेगा?" ती मुलावर ओरडली. "नीमखेडी की नाक कटावेगा कंई? उठ!"

पटेल उठले. माळव्यात पुरुष पाणी भरत नाही, आणि पटेल तर नाहीच नाही. त्यांनी जाऊन घरंगळलेला हंडा उचलला आणि खांद्यावर घेतला. त्यांच्या मागे नीमखेडीच्या बायका उतरल्या, बायकांच्या मागे पुरुष. घरांची कुलपं उघडून भांडी काढता येत नव्हती, दिवस मावळेपर्यंत घरात पाऊल टाकायचं नव्हतं, म्हणून डाळीची पातेली, तूप काढून रिकामे केलेले डबे, दुबेजींची रिकामी सुरई, जे हातात आलं ते घेऊन माणसं तलावावर गेली. परत येताना सगळ्या उतारावर माणसांची रांग लागली. खालचं पाणी हळूहळू टेकडी चढत होतं. साहेबांनी आपली टोपी काढून हातात धरली होती आणि ती परत घालायचं त्यांच्या ध्यानात नव्हतं.

पटेल वर पोचले तेव्हा घामाने निथळत होते. हंडा खाली ठेवायला ते वाकले, तोच धापूबाई पुढे झाली. तिने हंडा जमिनीला टेकू दिला नाही. पटेलांच्या खांद्यावरून तो आपल्या डोक्यावर घेतला आणि टेकरीपुऱ्याच्या चुलीकडे चालू लागली. कणीक भिजली.

मधली मोकळी जागा कधी भरली ते मला सांगता येणार नाही. जेवायला बसलो तेव्हा माझ्या एका हाताला नीमखेडीची सून होती आणि दुसऱ्या हाताला टेकरीपुऱ्याची. बाई पंगतीत तूप वाढत फिरत होत्या, ढोपर सोललेलं, आवाज परत आलेला. बाफल्यावर जिरावण घालून बघा म्हणून त्यांनी साहेबांना आग्रह केला आणि साहेबांनी निमूटपणे घालून घेतलं.

जेवण झाल्यावर धापूबाई हात धुऊन पटेलांसमोर उभी राहिली. "आज पाणी तमने ऊपर चढ़ायो," ती म्हणाली. "अब अपण इके नीचे भागवा नी दांगा." आज तुम्ही पाणी वर आणलंत, आता आम्ही त्याला खाली पळू देणार नाही. टेकडी दिली, हेच ती सांगत होती. टेकरीपुऱ्याचे लोक तिच्याकडे बघत राहिले, पण कोणी विरोध केला नाही.

पटेल घाबरले. पाणी वर अडवलं तर आपल्या तलावात काय येणार? दुबेजी समजावायला उठले आणि त्यांना उचकी लागली. मग बाई बोलल्या, "पटेल साब, दौड़तो आवे वो चोर, चालतो आवे वो पावणो. आज तक तुम्हारे तालाब में चोर आता था, माटी लेके. अब पावणा आएगा." पटेल हसले. हसले म्हणजे पटलं, असं बाईंनी धरून चाललं, आणि ते बरोबरच होतं.

पाऊस आणखी काही दिवस लांबला, आणि तो वेळ बाईंनी फुकट जाऊ दिला नाही. दोन्ही गावं टेकडीवर होती. अनुदान आलं त्यातून सब्बल-पहारी, फावडी, घमेली, गवताचं बी आणि खैर-बोराची रोपं एवढंच झालं. मीठच ते. दगड लोकांनी वाहिले, चर लोकांनी खणले, दुबेजींनी उतार मोजून कुठे बांध घालायचा ते आखून दिलं. सगळं गोड झालं असं नाही. रोपांतली बरीचशी पहिल्याच उन्हाळ्यात जळाली. टेकरीपुऱ्याच्या एका घराने चोरून बकऱ्या सोडल्या आणि धापूबाईने त्या स्वतः काठी घेऊन हाकलल्या, त्या बकऱ्या तिच्या सख्ख्या दिराच्या होत्या. एक बांध वाहून गेला, तो पुन्हा घातला. पण पुढच्या पावसाळ्यानंतर टेकडीवर गुडघ्याएवढं गवत उभं राहिलं. टेकरीपुऱ्याने ते कापून गुरांना घातलं. नीमखेडीच्या तलावात येणारं पाणी निवळलं आणि चैत्रात विहिरींना पाणी होतं. साहेबांनी आसपासच्या गावांच्या पटेलांना टेकडी दाखवायला आणलं. स्वतः पुढे होऊन सगळं समजावून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "ये हमारी खलाटे मॅडम." त्या "हमारी"वर बाईंनी माझ्याकडे बघून एक भुवई उंचावली. मला त्या दिवशी असा अभिमान वाटला की घरी जाऊन मी सासूबाईंना सगळी गोष्ट सांगितली. त्या म्हणाल्या, "म्हणजे पाणीच विसरली होती ना ती?" सासूबाईंचं लक्ष नेमकं तिथेच जायचं.

आणखी एक पावसाळा गेला, पुढचा उन्हाळा आला आणि बाईंची बदली झाबुआकडे झाली. सरकारी बदलीला कारण लागत नाही. बाईंनी ट्रंक भरली, खुर्चीवरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसली आणि चपराशाला म्हणाल्या, "अब इसपे कोई बैठ जाए तो अच्छा." झाबुआ एका बाजूला आणि सिमरोल दुसऱ्याच, पण बाईंनी जीप आधी सिमरोलकडे वळवायला लावली. मला सोबत घेतलं. या वेळी सोबत कोणाला लागत होती, ते आम्ही दोघींनी विचारलं नाही.

ज्येष्ठाचे दिवस होते. टेकडी चढताना पाय भाजत होते. धापूबाई वाट बघत उभी होती, तिला कसं कळलं देव जाणे. ती आम्हाला वस्तीच्या मागे घेऊन गेली. तिथे खडकाच्या कपारीत, दगडांनी बांधून काढलेली एक लहानशी झिरी होती, आणि ऐन उन्हाळ्यात तिच्यात पाणी होतं. खालचं डबकं परातीएवढं, पण वरून थेंब-थेंब पाणी पाझरत होतं. टेकरीपुऱ्याच्या बायका आता डोंगर उतरत नव्हत्या.

धापूबाईने लोटा भरला. बाई पुढे वाकल्या आणि त्यांनी दोन्ही हातांची ओंजळ केली. धापूबाई वरून धार धरत होती आणि बाई पीत होत्या, पीतच होत्या. मग उरलेल्या पाण्याने त्यांनी तोंड धुतलं, डोळे धुतले, बराच वेळ धुतले. धापूबाईने लोटा पुन्हा भरला आणि माझ्याकडे वळली.

"थोडं मचूळ आहे, वहिनी," बाई पदराने तोंड पुसत म्हणाल्या. "पण प्या. यांच्या घरचं आहे."

मी प्याले. बाई तोपर्यंत उतरणीला लागल्या होत्या. पाठीमागून धापूबाई ओरडून सांगत होती की पुढच्या वेळी जेवायला थांबायचं, आणि बाई मागे न बघता हात वर करून हो म्हणत होत्या.